मध्ये तोंड घालणारी

३ सप्टेंबर

ही वही आमच्या लेकीने, उन-जूने, बुसानहून पाठवली त्याला वर्ष होऊन गेलं. आई, मनातलं लिहीत जा, असं म्हणाली होती. माझ्या मनातलं तोंडात असतं, लिहायचं कशाला, म्हणून वही तांदळाच्या डब्यावर पडून राहिली. आज काढली. जेवताना मी बसस्टँडवर कोण भेटलं ते सांगायला लागले, तर यांनी मध्येच मुळा खारट झाल्याचं सांगितलं. पुन्हा सुरुवात केली, तर पाणी मागितलं. मग मी तोंड मिटलं. वहीला मुळा खारट लागत नाही, एवढं बरं आहे.

जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं. पण मोठी बातमी तर आमच्या घरातच आहे. प्रांताची समिती नोव्हेंबरच्या शेवटी जॉनजूला यांचं गाणं ऐकणार. 'नावाडणीची कथा', पहिल्यापासून शेवटपर्यंत, एका बैठकीत. पसंत पडलं तर हे त्या कथेचे मानकरी होतील आणि प्रांत शिकायला मुलं पाठवील. नाही पडलं, तर ही कथा आमच्या दोघांबरोबर मातीत जाईल. गुरूंनी ती दोघांनाच दिली होती. यांना गळ्यात, मला ढोलावर.

रात्रभर उभं राहून गाईन म्हणतात. वय बघा, आणि गुडघे बघा.

११ सप्टेंबर

मिन सर आले. जॉनजूच्या विद्यापीठात ढोल शिकवतात. पेअरची पेटी घेऊन आले, दारातच कमरेत वाकले. मला कुणी एवढं वाकून नमस्कार केल्याचं आठवत नाही. तालमी ऐकायची परवानगी हवी, म्हणाले, आणि टेपरेकॉर्डर चटईवर ठेवला.

तालीम संपल्यावर त्यांनी विचारलं, तुम्ही गाण्यात मध्ये मध्ये जे बोलता, ते कुठे बोलायचं हे कसं ठरवता? असा प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नव्हता. मग काय, माझी गाडी सुटली. म्हटलं, सर, मध्ये बोलणं म्हणजे सगळं एकच नसतं. चालत्या कामात मोडता घालणारा मनाचा खोटा असतो. टोकणारी सासू असते. समोरच्याचा शब्द तोडतो त्याला समोरच्याची किंमत नसते, आणि जी मध्ये तोंड घालते तिला स्वतःचीच फार असते. री ओढणारा बिचारा निरुपद्रवी, पण त्याने गाणाऱ्याला झोप येते. आमची चुइमसे, म्हणजे ढोलावरून गाणाऱ्याला द्यायची दाद, यातली कुठलीच नाही. गाणारा श्वास घ्यायला थांबतो ना, त्या फटीत खालून हात घालून त्याला उचलायचं. 'भले' म्हटलं की तो चढतो. नुसतं 'हं' दिलं की त्याचा पाय स्थिर होतो. 'अरेरे' लांबवलं की लोक डोळे पुसतात आणि तेवढ्यात त्याला घसा ओला करता येतो.

"पुरे आता," हे पंख्याने वारा घेत म्हणाले.

"याला शब्द तोडणं म्हणतात, सर," मी म्हटलं. सर इतके हसले की चहा सांडला.

२० सप्टेंबर

आज माझी छाती फुगलीय, लिहूनच टाकते.

आणखी एक तऱ्हा आहे, ती मी कुणाला सांगत नाही. गाताना यांचा शब्द हरवतो. पूर्वी वर्षाकाठी कधीतरी व्हायचं, आता तालमीगणिक होतं. एवढी लांब कथा, होणारच. अशा वेळी मी ऐकणारी बाई होते आणि भाबडेपणाने विचारते, "मग उतारू काय म्हणाले?" लोकांना वाटतं, रंगात येऊन विचारलं. यांना मात्र उतारू सापडतात आणि होडी पुढे सरकते. यांनासुद्धा हे कळत नाही, मला खात्री आहे. कळलं असतं तर एवढ्या वर्षांत एकदा तरी बोलले असते.

हे परसात गेले होते तेव्हा मिन सरांना सांगितलं. सरांनी मानच खाली घातली. "याला विद्या म्हणतात, बाई," म्हणाले. मग कुठे कुठे असं विचारावं लागतं ते विचारलं. मी एकेक जागा म्हणून दाखवली. टेप चालू होता की बंद, बघितलं नाही. असला चालू तर असू दे, पुढच्यांना उपयोगी पडेल.

२ ऑक्टोबर

चूसॉकचा सण. उन-जू आली, नातवाला घेऊन. पितरांची ताटं मांडली, तांदळाच्या करंज्या यंदा फुटल्या नाहीत. सगळं छान चाललं होतं, तर यांनी उन-जूला दोनदा 'माल-र्ये' म्हणून हाक मारली. माल-र्ये म्हणजे यांची धाकटी बहीण, लहानपणीच गेलेली. उन-जू माझ्याकडे बघायला लागली. सणाला गेलेल्यांची आठवण येतेच, आणि यांच्या डोक्यात सध्या कथेशिवाय काही नाही, असं मी तिला सांगितलं.

निघताना स्वयंपाकघरात माझा हात धरून म्हणाली, "आई, बाबांना घेऊन एकदा..." तिला बुसानला राहायला न्यायचंय, दरवर्षीचं गाऱ्हाणं. मी तिथेच तिला थांबवलं. म्हटलं, नोव्हेंबर होईपर्यंत एक अक्षर बोलू नकोस, त्यांचं चित्त ढळेल. तिने पिशव्या उचलल्या. बसमध्ये बसल्यावरही काचेतून माझ्याकडे बघत होती.

१५ ऑक्टोबर

ग्वांगजूला गेले होते हे. दाढ दुखते म्हणून. माझ्याबरोबर चल म्हणाले नाहीत, मी विचारलं तर नको म्हणाले. संध्याकाळी आले ते चेहरा पाडून. दाढ काढली का, तर नाही. मग औषध? तर तेही नाही. जेवायला बसले आणि त्याच दाढेने मुळा कडाकडा चावून खाल्ला.

मला काय दुधखुळी समजतात? दाढ दुखत नाही, ग्वांगजूला गेले ते दंतवैद्याकडे नाही, दुसरंच काहीतरी आहे. एक गोष्ट लिहून ठेवते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मिन सरांची गाडी उभी होती, यांना त्यातून उतरताना मी पाहिलं. विचारलं तर म्हणाले, वाटेत भेटले. ग्वांगजूच्या वाटेत जॉनजू कधीपासून लागायला लागलं?

३० ऑक्टोबर

लिहिल्याशिवाय झोप येणार नाही. अक्षर लागेल तसं लागो.

सकाळी मी ढोलाचं कातडं शेकत होते. हे येऊन समोर बसले, बराच वेळ पंखा उघडत मिटत राहिले. मग म्हणाले, समितीचा नियम आहे, घरचं माणूस साथीला चालत नाही. ढोलावर मिन सर बसतील.

मी म्हटलं, असा कसला नियम? आमच्यासारखी गाणारा-साथीदार नवरा-बायकोची जोडी प्रांतात आहे तरी कुठे, की तिच्यासाठी नियम करावा लागला? हे म्हणाले, नियम म्हणजे नियम. मी म्हटलं, मग मी समितीला भेटते, हात जोडते. तर एवढ्या जोरात 'नको' म्हणाले की शेजारचं कुत्रं भुंकलं.

कातडं तसंच राहिलं. मला समितीचा राग आहे, यांचा नाही. यांना तरी काय करता येणार? मान मिळाला की पुन्हा आम्हीच दोघं आहोत. एक दिवसाचा प्रश्न आहे. असं म्हणतेय खरी.

१७ नोव्हेंबर

किमची घालायचा दिवस. गल्लीतल्या सगळ्या बायका आमच्या अंगणात, कोपरापर्यंत लाल झालेल्या. हान काकू कोबीच्या पानांत मसाला भरता भरता सुनांची उणीदुणी काढत होती. मी रेडिओ लावला होता, कारण यांची मुलाखत होती. मीच सगळ्यांना गप्प केलं. ऐका गं, आमचे हे.

मुलाखत घेणाऱ्या मुलीने गोड आवाजात विचारलं, इतकी वर्षं तुमच्या पत्नी ढोलावर असतात, यंदा का नाहीत? यांनी मोठा श्वास घेतला. तो मला ओळखू आला. त्या श्वासाच्या मागे मी नेहमी 'हं' देते. दिलासुद्धा, अंगणात, मसाल्याचे हात वर धरून.

"ती मध्ये तोंड घालते," रेडिओतून आवाज आला. "एकदा तरी माझं मला शेवटपर्यंत जाऊन बघायचंय."

तोंड घालते. चोंबड्या बाईला लावायचा शब्द, चुइमसेला. दुसरे कितीतरी शब्द होते. साथ करते म्हणायचं, बोलते म्हणायचं, टोकते म्हटलं असतं तरी मी गिळलं असतं. शब्दांवर ज्याचं पोट चालतं त्या माणसाच्या तोंडी चुकून शब्द येत नाही.

बायकांपैकी कुणी मान वर केली नाही. हान काकूने विचारलं, मीठ आणू का आणखी. मी म्हटलं, आण. मीठ भरपूर होतं.

१९ नोव्हेंबर

समितीच्या कचेरीत फोन केला. ताक बाई म्हणून सचिव आहेत, आवाजावरून तरुण वाटल्या. मी विचारलं, घरचं माणूस साथीला चालत नाही हा नियम कधी झाला? त्या गोंधळल्या. असा नियम नाही, म्हणाल्या. आम्ही तर तुमचंच नाव धरून चाललो होतो, तुमचे यजमान क्वाक फान-सुल यांनी स्वतः येऊन बदलून घेतलं. मग सांभाळून घेत म्हणाल्या, तुमची तब्येत बरी नाही असं कळलं होतं, आता कशी आहे?

बरी आहे म्हटलं.

तो घरी आला तेव्हा मी दारातच विचारलं. आजपासून या वहीत 'हे' नाही, 'तो'. 'हे' म्हणण्यासारखं त्याने काही ठेवलेलं नाही. मी विचारलं, ताक बाईंकडे स्वतः गेला होतास? माझी तब्येत कधी बिघडली? त्याने बूट काढले, सरळ लावले, पुन्हा उलटे लावले.

"तू असलीस की मला कळतच नाही मी कुठे आहे ते," म्हणाला.

एवढी वर्षं पाठीशी उभी राहिले, आणि मी अडचण. बरोबरच आहे, आता विद्यापीठाचे सर मिळालेत, वाकून नमस्कार करणारे. ढोल मी पोत्यात घालून माळ्यावर टाकला. तो बघत होता. टाकू नकोस असंही म्हणाला नाही.

२८ नोव्हेंबर

जॉनजूला जाणार नव्हते. गेले. उन-जूने तिकीट काढलं होतं, तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारी बसली, सारखा माझा हात धरत होती. मी काय पळून जाणार होते?

चटईवर तो उभा, पांढरा झगा, हातात पंखा. डाव्या बाजूला मिन सर, माझ्या जागी. मला वाटलं होतं, सर आपल्या पद्धतीने साथ करतील, पुस्तकी, कोरडी. तसं झालं असतं तर मी उठून गेले असते आणि विसरले असते.

पहिल्याच थांब्यावर सरांनी 'अरेरे' दिला. शेवटी किंचित वर जाणारा. तो माझा आहे. माझा म्हणजे माझ्या आईचा, मयताच्या घरी रडताना ती तसा काढायची, तिच्याकडून माझ्याकडे आला. त्यानंतर माझा 'भले'. त्यानंतर माझा 'हं', नाकातून. आणि बरोब्बर जागा आली तसं सरांनी भाबडेपणाने विचारलं, "मग उतारू काय म्हणाले?" लोक हसले, रंगले. टेप चालू होता तर. मीच एकेक जागा म्हणून दाखवली होती, पेअर खात.

तोंड घालते म्हणून बायको काढली, आणि तिचं तोंड तेवढं ठेवून घेतलं. उन-जूला म्हटलं, मला बाहेर जायचंय. ती म्हणाली, आई, थोडं थांब. बाबांसाठी थांब.

कथा कळसाला आली. नावाडणीचा नवरा राजवाडा बांधायला धरून नेलेला, ती रोज प्रत्येक उतारूला त्याच्याबद्दल विचारते. मग एका पहाटे नदीतून नवऱ्याचा गवती बूट वाहत येतो, तिनेच विणलेला. तो हातात घेऊन ती बुटाशी बोलते. गुरू हा भाग गाताना डोळे मिटायचे. या जागी तो आयुष्यात कधी अडला नव्हता, म्हणून मी ही जागा सरांना सांगितली नव्हती.

तिथे तो अडला.

पहाट झाली, धुकं आलं, नावाडीण वल्हं धरून उभी राहिली, आणि पुढे काही नाही. सरांनी 'अरेरे' दिला, सुंदर दिला, पण 'अरेरे'त बूट नसतो. सरांनी ढोल वाजवला, 'भले' म्हणाले. लोकांना वाटलं, काय हा ठहराव. त्याचा पंखा अर्धा उघडा राहिला होता. मग त्याने ढोलाकडून मान वळवली आणि तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. माझ्याकडे. वाट बघत.

म्हणजे त्याला माहीत होतं. पहिल्यापासून सगळं माहीत होतं.

"वाहत काय आलं?" एवढंच म्हणायचं होतं. कुणीही रसिक म्हणतो, त्यात काही वावगं नाही. माझ्या जिभेवर शब्द तयार होता, तोंडात पाणी जमावं तसा. उन-जूने माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली. मी दात दातावर दाबून बसले. मध्ये तोंड घालणारी बाई आज घरी आहे, तब्येत बरी नाही तिची.

त्याने माझ्याकडे पाहणं सोडलं. पंखा मिटला आणि सरळ नावाडणीच्या आकांतावर उडी मारली. बूट आलाच नाही. बाईला नवरा गेल्याचं कळलंच नाही आणि ती रडायला लागली. सगळं सभागृह तिच्याबरोबर रडलं. समितीची माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. उन-जू तर हमसून हमसून रडत होती, एवढी की मला तिला सावरावं लागलं.

६ डिसेंबर

मान मिळाला. ताक बाईंचा फोन आला, सगळ्यांचं एकमत. हान काकू केक घेऊन आली. गल्लीत तिने सांगितलंय की मी आजारी आहे. बरं केलं.

मी घरात बोलणं बंद केलंय. भांडण नाही, आदळआपट नाही. वेळेवर जेवण, धुतलेले कपडे. तो काही म्हणाला तर ऐकते. फक्त मध्ये काही देत नाही. हं नाही, बरं नाही, मान हलवणं नाही. गंमत म्हणजे आता तो माझा शब्द तोडत नाही, तोडायला शब्दच नाही. घर कसं शांत आहे. मला वाटलं होतं, याने बरं वाटेल.

आज दुपारी उन्हात बसून मी सोयाबीन निवडत होते, उकडून, आंबवायला ढेपा घालायच्या आहेत. तो येऊन समोर बसला. धुतलेला शर्ट घातला होता, बटणं वरखाली लागलेली. मानकरी झाला तरी बटणं लावता येत नाहीत. म्हणाला, तुला सांगायचंय. मी दाणे निवडत राहिले.

"ग्वांगजूला दाढेसाठी गेलो नव्हतो मी."

ते मला तेव्हाच माहीत होतं. त्याने श्वास घेतला, 'हं'ची वाट पाहिली. मी खडा काढून बाजूला टाकला. मग स्वतःच रेटत रेटत बोलला. डॉक्टर होते, म्हणाला. दाढेचे नाही, दुसरे. मिन सरांच्या ओळखीचे, मोठे. त्यांनी कागद पुढे ठेवला आणि घड्याळाचं चित्र काढायला लावलं. आता काय म्हणावं? डॉक्टर कुणाला घड्याळाची चित्रं काढायला लावतो का? थाप मारायची तरी धड मारावी. पण मी काही म्हटलं नाही. मी मध्ये बोलत नाही.

"गोल काढला मी," तो म्हणाला. "आकडेसुद्धा काढले. पण त्यात ते... ते जे फिरतात ना, एक लहान, एक मोठा..."

त्याने दोन बोटं वर धरली, एक आखडती, एक लांब, आणि हवेत फिरवली. मग माझ्याकडे बघत राहिला, जॉनजूला बघितलं होतं तसा. बोटं हवेतच.

काटे. मला येत होता शब्द, कुणालाही आला असता. मी परात जवळ ओढली आणि निवडलेले दाणे पुन्हा निवडायला घेतले.

 मग त्याने बोटं खाली घेतली, गुडघ्यावर ठेवली, आणि म्हणाला की मुळा खारट झालाय. मुळा नव्हताच समोर.